वाचकांचे प्रश्न : नेपरव्हिल, काउंटी डुपेज आणि विल

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं नेपरव्हिल हे गाव खान्देशातल्या अनेक आईवडिलांच्या बोलण्यात येतं. मुलगा किंवा मुलगी तिथे नोकरीला असते, नंतर घर घेते, आणि मग आईवडिलांकडून प्रश्न येऊ लागतात. आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मना आंडोर (मुलगा) नेपरव्हिलमा ऱ्हास (राहतो). तो लोकेसले सांगस ‘शिकागो’. मंग हाई येगळं गाव शे का शिकागोनी कॉलनी?
— एक वाचक, शिरपूर

आबा, ते वेगळं गाव आहे, आणि वयानं शिकागोच्या बरोबरीचं आहे. कॅप्टन जोसेफ नेपर १८३१ च्या जुलैमध्ये ओहायो राज्यातून काही कुटुंबं घेऊन डुपेज नदीच्या पश्चिम फाट्यावर आले. शिकागोला कायदेशीर गाव म्हणून मान्यता मिळाली ती १८३३ मध्ये. दोन्ही गावांत साधारण ४५ किलोमीटरचं अंतर आहे. त्या काळी चिखलातून बैलगाडीनं ते कापायला दिवसाहून जास्त लागे, त्यामुळे नेपरव्हिलला स्वतःच्या पायावर उभं राहावंच लागलं. नेपरांनी लाकूड कापायची गिरणी काढली, धान्य दळायची गिरणी काढली आणि १८४२ मध्ये गावाचे प्लॉट आखले. धुळ्यात कॅप्टन ब्रिग्जनं १८१९ च्या सुमारास नवी पेठ आखली, त्यानंतर दोन तपांच्या आतली ही गोष्ट आहे.

ही जमीन रिकामी नव्हती. ती पोटावाटोमी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची होती. १८३२ मध्ये मूळ रहिवाशांचा नेता ब्लॅक हॉक आणि अमेरिकी सैन्य यांच्यात युद्ध पेटलं, वसाहतवाले काही काळ शिकागोला पळाले आणि परतल्यावर फोर्ट पेन नावाची लाकडी गढी उभी राहिली. पुढच्याच वर्षी शिकागोच्या तहानं पोटावाटोमींची उरलेली जमीन गेली आणि त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे जावं लागलं. गावाचा इतिहास सांगताना हे वगळू नये.

१८३९ मध्ये डुपेज काउंटी झाली आणि नेपरव्हिल तिचं मुख्य ठाणं बनलं. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. पण १८४९ मध्ये शिकागोहून पश्चिमेकडे निघालेली पहिली रेल्वे नेपरव्हिलला न येता उत्तरेकडच्या व्हीटनवरून गेली. गावातल्या बड्या लोकांचा पैसा फळ्या टाकून केलेल्या टोलच्या रस्त्यात अडकला होता, म्हणून त्यांनी रेल्वेला थारा दिला नाही, असं स्थानिक इतिहासात सांगतात. परिणाम मात्र कागदोपत्री आहे. व्हीटन वाढलं, १८६७ च्या मतदानात ठाणं व्हीटनकडे गेलं, आणि नेपरव्हिल दप्तर सोडेना तेव्हा १८६८ च्या एका रात्री व्हीटनच्या माणसांनी कोर्टाच्या इमारतीत शिरून ते उचलून नेलं. घाईत जी दप्तरं मागे राहिली ती सुरक्षित राहावीत म्हणून शिकागोला पाठवली गेली आणि १८७१ च्या मोठ्या आगीत जळाली. रेल्वे कोणत्या गावावरून जाते यावर गावाचं नशीब ठरतं, हे जळगाव-भुसावळच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

नेपरव्हिलला रेल्वे मिळाली १८६४ मध्ये, बर्लिंग्टन कंपनीची. मग १८७० मध्ये शेजारच्या प्लेनफिल्डहून कॉलेज इथे आलं, तेच आजचं नॉर्थ सेंट्रल कॉलेज. १८८७ मध्ये सोफे-कोच बनवणारा कारखाना निघाला. पुढे तो क्रेलर नावानं देशभर गाजला आणि १९७८ मध्ये बंद पडला. म्हणजे शंभरेक वर्षं हे कॉलेज, कारखाना, दगडाच्या खाणी आणि भोवतीची शेती यांवर चालणारं बाजारगाव होतं. १९५० ची लोकसंख्या होती ७,०१३.

आजचं नेपरव्हिल त्यानंतर घडलं. १९५८ मध्ये शिकागोहून पश्चिमेकडे जाणारा टोलमार्ग गावाच्या उत्तरेनं गेला. त्याच्या कडेनं प्रयोगशाळा आल्या : १९६६ मध्ये बेल टेलिफोनची, मागोमाग अमोको या तेल कंपनीची. इंजिनिअर आणि रसायनतज्ज्ञ राहायला आले, मक्याच्या शेतांत कॉलन्या उठल्या. १९८० ला ४२,३३०, २००० ला १,२८,३५८ आणि २०२० ला १,४९,५४० माणसं. आपल्याकडच्या मुलांना तिथे नेणारी वाट दूरसंचार आणि संगणकाच्या याच कामातून निघाली.

या वाढीत गावानं एक फार चांगली गोष्ट केली. कॉलनी पाडणाऱ्या बिल्डरनं शाळा आणि बागांसाठी जमीन द्यायची, नाहीतर तिची किंमत भरायची, असा नियम केला. बिल्डर कोर्टात गेले. १९७७ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम उचलून धरला. आपल्या नव्या लेआउटमधले ओपन स्पेस कागदावर राहतात आणि तिथे शाळा-बागा उभ्या दिसतात, त्यामागे हा निकाल आहे.

मी रेल्वेतून निवृत्त झालो. नेपरव्हिल स्टेशनवर १९४६ मध्ये मोठा अपघात झाल्याचं सून सांगत होती. नेमकं काय घडलं?
— एक वाचक, भुसावळ

२५ एप्रिल १९४६, दुपारची वेळ. ‘ॲडव्हान्स फ्लायर’ आणि ‘एक्स्पोझिशन फ्लायर’ या दोन गाड्या शिकागोहून एकामागोमाग सुटल्या, मध्ये दोन-तीन मिनिटांचंच अंतर. पुढच्या गाडीखालून काहीतरी उडाल्याचं दिसलं, म्हणून तपासणीसाठी ती नेपरव्हिलला वेळापत्रकात नसताना थांबली. तिचा गार्ड लाल झेंडी घेऊन मागे धावला. मागची गाडी ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेगानं येत होती. तिला आधी पिवळा, मग लाल सिग्नल होता. ब्रेक लागले, पण अंतर पुरलं नाही, आणि धडकेच्या वेळीही वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात होता. किमान ४५ माणसं गेली. रुळालगतच्या क्रेलर कारखान्याचे कामगार सगळ्यात आधी मदतीला धावले.

तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते पुढे. सिग्नल बरोबर होते, पण इतक्या वेगाला दोन सिग्नलांमधलं अंतर थांबायला अपुरं होतं, आणि चालकानं सिग्नल पाहून वेळेत ब्रेक लावला नाही तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा नव्हती. म्हणून १९४७ मध्ये केंद्रीय आयोगानं आदेश काढला : ताशी ८० मैल किंवा त्याहून जास्त वेगानं गाडी चालवायची असेल तर इंजिनात सिग्नल दाखवणारी किंवा गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा हवीच. बहुतेक कंपन्यांनी यंत्रणेवर खर्च करण्याऐवजी वेग ७९ मैलांवर, म्हणजे १२७ किलोमीटरवर आणला. अमेरिकेतल्या कितीतरी मार्गांवर ही ७९ ची मर्यादा पुढे अनेक दशकं टिकली. भारतात गाडी आपोआप थांबवणारी ‘कवच’ यंत्रणा बसवण्यामागचा विचार याच जातीचा आहे. स्टेशनाजवळ अपघाताचं स्मारकशिल्प आहे, सुनेला दाखवायला सांगा.

मुलगी म्हणते, तिथे नळाला चोवीस तास पाणी असतं आणि ते थेट नळाचंच पितात. गावात नदी एवढीशी, मग पाणी येतं कुठून?
— एक वाचक, जळगाव

ताई, ते नदीचं नाही, मिशिगन सरोवराचं पाणी आहे. १९९२ पर्यंत गाव खोल विहिरींवर होतं. वाळूच्या दगडाच्या थरातलं ते पाणी शिकागोभोवतीच्या सगळ्याच गावांनी उपसल्यामुळे पातळी दशकानुदशकं खाली जात होती. त्या थरातल्या पाण्यात रेडियम हे नैसर्गिक किरणोत्सर्गी द्रव्यही असतं. मग डुपेजमधल्या गावांनी मिळून पाणी आयोग स्थापला. शिकागोच्या किनाऱ्यावरच्या जार्डिन शुद्धीकरण केंद्रातून पाणी पश्चिमेला पंपानं एल्महर्स्टला येतं आणि तिथून मोठ्या नळांनी गावोगावी जातं. गाव ते साठवतं आणि घरोघर पोचवतं.

सरोवर समोर आहे म्हणून हवं तेवढं घेता येत नाही. इलिनॉय राज्यानं सरोवरातून सेकंदाला सरासरी ३,२०० घनफूटच पाणी घ्यावं असं १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं. कारण शिकागोची भुयारी गटारं आणि नद्या मिसिसिपीकडे वाहतात, उचललेलं पाणी सरोवरात परत जात नाही. नेपरव्हिलचं सांडपाणीही स्प्रिंगब्रुक केंद्रात शुद्ध होऊन डुपेज नदीत जातं आणि शेवटी मेक्सिकोच्या आखाताला मिळतं. म्हणून उन्हाळ्यात हिरवळीला पाणी घालायला घर क्रमांकाप्रमाणे सम-विषम तारखा ठरलेल्या असतात.

वीजही गावाचीच आहे. नगरपालिका ठोक भावानं वीज घेते आणि स्वतःच्या तारांनी वाटते. वीज, पाणी, सांडपाणी आणि कचरा यांचं बिल एकत्र येतं.

घर शोधणाऱ्यांसाठी यात एक खाचखळगा आहे. पत्त्यात ‘नेपरव्हिल’ लिहिलेलं प्रत्येक घर नगरपालिका हद्दीत असतंच असं नाही. पोस्टाची हद्द मोठी आहे. हद्दीबाहेरच्या काही घरांना अजून स्वतःची बोअर आणि शोषखड्डा असतो, पोलीस काउंटीचे असतात. घर पसंत पडलं की पिन कोड पाहून थांबू नये. नगरपालिकेच्या नकाशात घर हद्दीत आहे का, आणि शाळा जिल्हा (त्या भागातल्या शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था) २०३ आहे, २०४ आहे की तिसराच, हे तपासून घ्यावं. २०४ ची हद्द शेजारच्या ऑरोरातही शिरते.

मुलानं घर घेतलं. घरपट्टी वर्षाला नऊ-दहा हजार डॉलर आहे म्हणतो. आकडा खरा आहे का? आणि दुसऱ्या वर्षी ती एकदम वाढली, ते कसं?
— एक वाचक, धुळे

आकडा खरा असू शकतो. इलिनॉयची घरपट्टी अमेरिकेतल्या सगळ्यात जड घरपट्ट्यांपैकी आहे. तिचा हिशोब समजला की भीती कमी होते, म्हणून पायरीपायरीनं पाहू.

आधी टाउनशिपचा, म्हणजे काउंटीच्या पोटविभागाचा, मूल्यांकन अधिकारी घराची बाजारभावाची किंमत ठरवतो. तिचा एक तृतीयांश भाग करपात्र धरतात. समजा घर ४,५०,००० डॉलरचं आहे, तर करपात्र मूल्य १,५०,०००. मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर त्यातून सूट मिळते. उदाहरणापुरती ती ८,००० धरू. राहिले १,४२,०००. त्यावर सगळ्या संस्थांचे दर मिळून समजा ६.५ टक्के, तर कर होतो ९,२३०.

‘सगळ्या संस्था’ म्हणजे कोण, हेच आपल्याकडच्या माणसाला नवं वाटतं. एका घरावर काउंटी, टाउनशिप, नगरपालिका, ग्रंथालय, उद्यान जिल्हा, वनसंरक्षण जिल्हा, कॉलेज जिल्हा आणि शाळा जिल्हा असे वेगवेगळे कर बसतात. स्थानिक संस्थांची सर्वाधिक संख्या असलेलं राज्य इलिनॉयच आहे. बिलाचा मोठा हिस्सा, अर्ध्याहून बराच जास्त, शाळांना जातो. नगरपालिकेचा वाटा त्यामानानं लहान असतो, म्हणून घरपट्टी वाढली की महापौराला बोल लावून उपयोग नसतो. बिलावर प्रत्येक संस्थेची रक्कम वेगळी छापलेली असते, तीच वाचावी.

दुसरी बाब : प्रत्येक संस्था आधी आपल्याला एकूण किती पैसे लागतील ते ठरवते, मग ते सगळ्या घरांत वाटले जातात. सगळ्याच घरांची किंमत सारखी वाढली तर दर खाली येतो. तुमच्या घराची किंमत शेजाऱ्यांपेक्षा जास्त वाढवली तरच तुमचा वाटा फुगतो.

आता दुसऱ्या वर्षीची उडी. कर एक वर्ष मागून येतो. २०२४ चा कर २०२५ मध्ये भरायचा. घर नवं बांधलेलं असेल तर पहिलं बिल बहुधा मोकळ्या प्लॉटचं किंवा अर्धवट घराचं असतं. कर्ज देणारी बँक त्या छोट्या बिलावरून दरमहा पैसे बाजूला काढते. पूर्ण घराचं बिल आलं की साठलेली रक्कम तोकडी पडते, आणि बँक मागची तूट आणि पुढची वाढ दोन्ही एकाच हप्त्यात चढवते. घर जुनं असेल तर दुसरं कारण पाहा : आधीच्या मालकाची ज्येष्ठ नागरिकाची सूट विक्रीबरोबर संपली असेल, आणि मुलानं स्वतःच्या राहण्याच्या सुटीचा अर्ज केलाच नसेल. हा अर्ज राहून जाणं फार सर्रास घडतं. बिलावर सुटीची ओळ नसेल तर टाउनशिप कार्यालयात लगेच जावं.

मूल्यांकनच चुकीचं वाटत असेल तर आधी त्या अधिकाऱ्याशी बोलावं, बरीच प्रकरणं तिथेच सुटतात. नाहीच सुटलं तर यादी वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत काउंटीच्या पुनर्विलोकन मंडळाकडे अपील करता येतं. ‘कर परवडत नाही’ हा मुद्दा तिथे चालत नाही. त्याच भागातली, तेवढ्याच क्षेत्रफळाची आणि वयाची तीन-चार घरं कमी मूल्यांकनाची दाखवावी लागतात, किंवा अलीकडच्या विक्रीच्या किमती. घराच्या नोंदीत क्षेत्रफळ जास्त लागलं आहे का, नसलेलं बाथरूम धरलं आहे का, हे आधी पाहावं. अशी चूक असेल तर वाद घालावाच लागत नाही.

भरणा जून आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, दोन हप्त्यांत. उशीर झाला तर दरमहा दीड टक्का व्याज लागतं.

लेकीच्या घराखाली तळघर आहे. मागच्या पावसात त्यात घोटाभर पाणी साचलं. चांगलं घर, मग पाणी शिरतं कसं? आणि भोंगा वाजला की तळघरात जायचं म्हणतात, ते काय?
— एक वाचक, अमळनेर

मावशी, तिथे तळघर हौसेनं बांधत नाहीत. हिवाळ्यात जमीन गोठते आणि फुगते, म्हणून पाया सुमारे ४२ इंच तरी खोल न्यावाच लागतो. एवढं खणलंच तर आणखी खणून खोली करतात. पण खाली हिमनद्यांनी आणून टाकलेली चिकणमाती आहे, तिच्यातून पाणी लवकर मुरत नाही आणि भिंतीशी साठतं. पायाभोवती भोकं असलेला पाइप फिरवलेला असतो. तो पाणी तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात आणतो आणि तिथला पंप ते बाहेर फेकतो. या पंपाला संप पंप म्हणतात. बहुतेक घरांत तो एक तृतीयांश किंवा अर्ध्या हॉर्सपॉवरचा असतो.

पाणी शिरतं ते बहुतेक वेळा पंप चालला नाही म्हणून. सगळ्यात सामान्य कारण म्हणजे वादळात वीज जाते, आणि नेमका तेव्हाच पाऊस जोरात असतो. त्यावर बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवतात. त्याची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, आणि लोक तेच विसरतात. दुसरं कारण, फ्लोट म्हणजे पाण्याबरोबर वर येणारा गोळा खड्ड्याच्या भिंतीला किंवा वायरला अडकतो, मग पंपाला पाणी चढलेलं कळतच नाही. तिसरं, पाइपवरचा एकमार्गी व्हॉल्व्ह निकामी होतो. फेकलेलं पाणी परत खड्ड्यात येतं, पंप सारखा चालू-बंद होऊन जळतो. आणि जानेवारीत बाहेरच्या पाइपाचं तोंड बर्फानं बंद होतं, त्यासाठी तोंड मोकळं आणि पाइप उताराचा हवा.

तपासणी सोपी आहे. वर्षातून तीन-चार वेळा, विशेषतः बर्फ वितळण्याच्या आधी मार्चमध्ये, वीस लिटर पाणी खड्ड्यात हळूहळू ओतायचं. गोळा वर यावा, पंप आपोआप सुरू व्हावा, पाणी बाहेर पडताना दिसावं आणि पंप आपोआप थांबावा. मग मुख्य पंपाचा प्लग काढून बॅटरीच्या पंपाचीही हीच परीक्षा घ्यायची. सात ते दहा वर्षांचा पंप चालू असला तरी बदलावा.

विम्याचंही विचारून घ्या. घराच्या साध्या विम्यात पंप बंद पडल्यानं झालेलं नुकसान नसतं. त्यासाठी जादा कलम घ्यावं लागतं. नदीच्या पुराचा विमा तर वेगळाच. १९९६ च्या जुलैमध्ये शेजारच्या ऑरोरात चोवीस तासांत १६.९१ इंच, म्हणजे जवळपास ४३० मिलिमीटर पाऊस पडला. जळगावात वर्षभरात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त. कॉलन्यांमधून दिसणारी तळी शोभेची वाटतात, पण ती पावसाचं पाणी अडवून हळूहळू सोडण्यासाठी खणलेली आहेत.

भोंगा चक्रीवादळाचा, टॉर्नेडोचा. २०२१ च्या २० जूनला रात्री अकराच्या सुमारास नेपरव्हिलच्या दक्षिण भागातून जोरदार टॉर्नेडो गेला आणि घरं मोडून पडली. भोंगा वाजला की तळघरात, तळघर नसेल तर तळमजल्यावर मधल्या बिनखिडकीच्या खोलीत जायचं. बाहेर आभाळ बघायला जायचं नाही. मात्र दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला भोंग्याची चाचणी असते. तुम्ही घरी एकट्या असाल तर कॅलेंडरवर खूण करून ठेवा, म्हणजे घाबरायला होणार नाही.

तिथली जमीनही काळी म्हणतात. मेमध्ये मुलाकडे जाणार आहोत. आपलं भरताच्या वांग्याचं बी नेऊन लावलं तर येईल का?
— एक वाचक, यावल

नाना, काळी आहे, पण आपल्यासारखी नव्हे. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकाची, उन्हात भेगाळणारी. तिथली हजारो वर्षं वाढलेल्या उंच गवताच्या मुळ्या कुजून झालेली. ती इतकी चिकट की बिडाच्या नांगराला चिकटून बसायची. १८३७ मध्ये इलिनॉयमध्येच जॉन डिअरनं पोलादी फाळाचा नांगर केला, त्याला माती चिकटत नव्हती, आणि त्या राज्याची शेती उघडली. पाऊस वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास, बाराही महिन्यांत वाटलेला. त्यामुळे शेतकऱ्याला विहीर लागत नाही, उलट जादा पाणी काढायला जमिनीखाली नळ्या घालाव्या लागतात. पीक मका आणि सोयाबीन.

बी मात्र बॅगेत घालून नेऊ नका. पेरणीचं बियाणं न्यायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विमानतळावर काढून घेतात, आणि न सांगता नेलं तर दंडही होतो. मोठ्या हिरव्या वांग्यांचं बी तिथल्या बियाणं विक्रेत्यांकडे मिळतं, तेच मुलाला मागवायला सांगा.

तुम्ही मेमध्ये पोचाल तेव्हा बी टाकायला उशीर झालेला असेल. वांग्याचं रोप मार्चअखेरीस घरातच खिडकीपाशी किंवा दिव्याखाली करावं लागतं, सहा ते आठ आठवडे. दहिवर गोठण्याचा धोका मेच्या मध्यापर्यंत असतो, म्हणून रोप मेच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर. रात्रीचं तापमान दहा अंशांखाली जात असेल तर आणखी थांबा, थंडीत रोप मरत नाही पण खुंटतं ते खुंटतंच. ऊन सात-आठ तास हवं. रोपांत दोन फूट अंतर ठेवा. सुरुवातीला पानांना बारीक भोकं पाडणारे काळे पिसू-भुंगेरे येतात, त्यासाठी फुलं येईपर्यंत पातळ कापड टाकून ठेवा. भोवती दोन फुटी जाळी लावलीच पाहिजे, तिथले ससे एका रात्रीत वाफा साफ करतात. फळ ऑगस्टपासून, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा दहिवर गोठलं की झाड संपलं. मेथी आणि कोथिंबीर यांना एवढं जपावं लागत नाही, ती मेमध्येच थेट वाफ्यात टाका.